पाण्याच्या दिवशी फायनल

आमच्या घरात फुटबॉल मी आणलेला नाही. मी आणला तो करार. फुटबॉलचं जे काही बरंवाईट झालं ते लेकीचं आणि कराराचं जे वाटोळं झालं ते माझं, अशी वाटणी आधीच करून ठेवतो.

लेक दहावीत गेली आणि त्याच जूनमध्ये शाळेच्या मुलींच्या टीमची गोलकीपर झाली. आधीची गोलकीपर वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेली होती. क्रीडाशिक्षकांनी उरलेल्या मुलींना एकेक करून गोलपोस्टात उभं केलं आणि जवळून चेंडू मारून बघितला. डोळे न मिटणारी ही एकटीच निघाली. हा गुण तिच्या आईचा. मी शेजारच्याला इंजेक्शन देत असले तरी भिंतीकडे बघतो.

आता दहावीचं वर्ष म्हटल्यावर बापाने जे करायचं असतं ते मी केलं. गणित-विज्ञानाचा चांगला क्लास शोधला. क्लासची वेळ संध्याकाळी साडेसहा. टीमची प्रॅक्टिस पाच ते सात. दोन्हीपैकी एकच जमणार होतं. घरात दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी मी तोडगा काढला. मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमच्या घरात कोरा कागद वेळेवर सापडत नाही, पण गाठींवर चिकटवायची लेबलं मात्र ढिगाने असतात. तसल्या एका लेबलाच्या मागे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘जिंकत राहाल तोवर खेळ. हराल त्या संध्याकाळपासून क्लास.’ खाली माझी सही, तिची सही, आणि साक्षीदार म्हणून बायकोची. लेबल फ्रिजवर चिकटलं.

लेकीला वाटलं बाप मोठ्या मनाचा आहे. खरं सांगायचं तर मी आधी चौकशी केली होती. ही टीम दरवर्षी पहिल्याच मॅचला हरून परत येत असे, आणि येताना सगळ्या मिळून बर्फाचा गोळा खात असत. म्हणजे ऑगस्टमध्ये क्लास सुरू. मी स्वतःला फार धोरणी समजत होतो.

पहिल्या मॅचला समोरच्या टीमची जीप वाटेत बंद पडली. त्या मुली मैदानावर पोचल्याच नाहीत, आमच्या जिंकल्या. मी म्हटलं, असू दे, एखादी सोडायची. दुसऱ्या मॅचला समोरच्या बॅकने गडबडीत स्वतःच्याच जाळीत चेंडू मारला. आमच्यातल्या कुणीही काही न करता आमच्या पुन्हा जिंकल्या. तिसरी मॅच, म्हणजे सेमीफायनल, शेवटपर्यंत शून्य-शून्य राहिली आणि पेनल्टीवर गेली. तिथे माझ्या लेकीने दोन अडवल्या. खरोखरच्या. मुरमाच्या जमिनीवर उजवीकडे एकदा आणि डावीकडे एकदा अंग टाकून. हे मी बघितलेलं नाही, कारण त्या वेळी मी मैदानाबाहेरच्या रसवंतीच्या गाड्यामागे उभा होतो आणि रसवाल्याला दर मिनिटाला विचारत होतो, “काय झालं?” शेवटी तो वैतागून म्हणाला, “मालक, तुमी बगा की तितं जाऊन. मला गिऱ्हाईक हाय.”

घरी आल्यावर बायकोने कौतुकाने लेकीचे गुडघे पुसले आणि मला विचारलं, “तुम्हाला काय झालंय? तोंड का असं?”

“अॅसिडिटी,” मी म्हणालो.

अॅसिडिटी नव्हती. मला कळत नव्हतं की मला काय हवंय. जिंकल्या तर लेक विभागीय स्पर्धेला जाणार, म्हणजे आणखी महिनाभर क्लास नाही आणि सहामाही तोंडावर. हरल्या तर सगळं माझ्या मनासारखं होणार, आणि पोरगी हातमोजे काढून ठेवणार. फायनल शनिवारी होती. बुधवारपासून गाठी मोजताना चुकायला लागलो, आणि मुंबईला जायच्या मालावर एकदा इचलकरंजीचं लेबल मारलं.

याच काळात आत्या आमच्याकडे होती. माझी सख्खी आत्या, सांगोल्याकडची. उभा जन्म मेंढरांमागे काढलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, रडायचं नाही असं सांगितलं. घरात बसून कंटाळल्यामुळे ती सेमीफायनलला आली आणि तिथल्या तिथे फुटबॉलमधली जाणकार झाली. गोलपोस्टची जाळी बघून म्हणाली, “ही आमची वाघूर की.” मेंढरं रात्री कोंडून ठेवायला धनगर लोक जाळीचं कुंपण लावतात, ती वाघूर. “आमी मेंढरू भाईर जाऊ देत न्हाय, ही आत येऊ देत न्हाय. एवढाच फरक.” त्या दिवसापासून तिच्या दृष्टीने लेक राखणीला बसलेली होती, आणि बाकीच्या दहा मुली उगाच पळत होत्या.

फायनलचा दिवस कळला आणि बायकोने कॅलेंडर बघून कपाळाला हात लावला. शनिवार आमच्या भागातला पाण्याचा दिवस होता.

सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस समजावून सांगावा लागत नाही. चार दिवसांआड नळ येतो, तास-दीड तास राहतो, त्या वेळात टाकी, पिंप, हंडे, कळशा, बादल्या आणि वेळ आली तर कुकरसुद्धा भरून घ्यायचा असतो. लग्नाची तारीख काढताना आमच्याकडे मुहूर्ताआधी पाण्याचा दिवस बघतात. त्या दिवशी घरात माणूस लागतोच. आणि नळ कधी येईल, दुपारी तीनला की रात्री आठला, हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नसावं.

“मी थांबतो पाण्याला,” मी तत्परतेने म्हणालो.

लेक जेवत होती. भाकरीचा तुकडा तिने खाली ठेवला. “तुम्ही सेमीला पण आला नव्हता.”

“आलो होतो की.”

“रस प्यायला आला होता. मला दिसत होतं गोलमधून.”

“तुला समोरच्या मुलींकडे बघायचं सोडून—”

“पेनल्टी सुरू व्हायच्या आधी बघितलं,” ती म्हणाली. “बाबा, कदाचित ही शेवटची मॅच असेल. तुमच्याच लेबलामुळे. निदान बघा तरी.”

प्रश्न शेजारच्या काकूंनी सोडवला. त्या पद्मशाली, घरात दोन माग, बोलणं अर्धं तेलुगू आणि अर्धं मराठी. मधल्या भिंतीवरून त्यांना आमचं सगळं ऐकू जातं, तसं त्यांचंही आम्हाला. त्या भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, “अण्णा, तुमी सगळे जावा. तुमचं पाणी मी भरते. किल्ली देऊन जावा, आनी मोटरचं बटन कुटलं ते सांगा.”

“काकू, तीन बटणं आहेत,” बायको म्हणाली. “मधलं लावायचं. पहिलं लावलं तर फ्यूज जातो.”

“नीळ्ळु आलं की फोन करते अण्णांना. विचारून लावते.” पाण्याला त्या नीळ्ळु म्हणतात, आणि गल्लीतल्या आम्हा सगळ्यांनाच तो शब्द आता आमचा वाटतो.

इथे माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. पंचवीस वर्षं मी चालू ट्रकशेजारी उभा राहून हमालांशी बोलतोय. माझ्या कानांना आणि घशाला आता एवढीच पट्टी माहीत आहे. फोनवर तर ती आणखी वर जाते. मी गावाकडे फोन केला की बायको म्हणते, “फोन कशाला लावता, गच्चीवर जाऊन बोला, ऐकू जाईल त्यांना.” मग काकूंनी फोन बायकोला करावा असं कुणाच्याच डोक्यात का आलं नाही? बायको कुंभारीच्या शाळेत शिकवते; शनिवारी सकाळची शाळा सुटायला उशीर होणार होता, तिथून ती थेट मैदानावर येणार होती, आणि गाडी चालवताना ती फोन उचलत नाही. म्हणून माझा नंबर. एवढं सरळ कारण होतं. पुढे जे काही झालं त्यात माझा हेतू शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ऑक्टोबरचं ऊन. चारला मॅच, तेव्हा मैदान तव्यासारखं. समोरची टीम दुसऱ्या तालुक्यातून स्वतःच्या बसने आली होती. सगळ्यांच्या पाठीवर एकसारख्या बॅगा. त्या एका तालात टाळ्या वाजवत वॉर्मअप करत होत्या. आमच्या मुली झाडाखाली बसून केळी खात होत्या आणि एकीचा बूट दुसरी बांधत होती. पालकांत बहुतेक आमच्याच भागातले. वीस-पंचवीस जण असतील. माझ्या उजवीकडे आत्या खुर्चीवर, काळा चष्मा लावून. डावीकडे बायको. बायकोच्या पलीकडे आमच्या मागच्या गल्लीतल्या एक ताई बसल्या होत्या, त्यांची मुलगी टीममध्ये उजवी बॅक.

“हे बगा,” आत्या म्हणाली, “ती दांडगी पोरगी, लाल रिबीनवाली, ती लांडगं हाय. तिच्यावर नजर ठेवाय पायजे.”

लाल रिबीनवाली खरोखरच लांडगं होती. पहिल्या दहा मिनिटांत तिने तीनदा चेंडू मारला. तिन्ही वेळा मी डोळे मिटले आणि तिन्ही वेळा बायकोने दंडाला चिमटा काढून सांगितलं, “पकडला.” चौथ्या वेळी मी डोळे उघडे ठेवून बघितलं. लेक दोन पावलं पुढे आली, गुडघे वाकवले, आणि चेंडू छातीशी असा घेतला जसं काही तो तिचाच होता आणि कुणीतरी परत आणून दिला. मग तिने केस मागे सारले आणि बॅकवर ओरडली, “अगं, चिकटून राहा की तिला.” एवढा मोठा आवाज. मला एकदम कळलं की आवाज माझ्याकडून गेलाय.

हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य. आमची एकही मुलगी समोरच्या गोलपाशी पोचली नव्हती, पण त्यांचाही गोल झाला नव्हता. आत्या खूश होती. “वाघूर घट्ट हाय.” मी पाण्याची बाटली लेकीला द्यायला गेलो. तिचे दोन्ही कोपर सोललेले होते. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बसा. बाटली उलटी धरलीत.”

दुसऱ्या हाफमध्ये माझं मलाच कळलं. मला ही मॅच जिंकायची होती. मी सांगतो, मला क्लासचं नावसुद्धा आठवत नव्हतं. मी उभा राहत होतो, बसत होतो, आत्याच्या खुर्चीची पाठ धरत होतो, लाइनमन नावाच्या त्या बिचाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या आरोग्याबद्दल शंका काढत होतो. एक कॉर्नर लेकीने मुठीने बाहेर ढकलला तेव्हा मी बायकोच्या शाळेची पर्स हवेत उडवली. त्यातले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाहेर पडले. बायकोही उभीच होती.

शेवटची सात-आठ मिनिटं उरली होती आणि माझा फोन वाजला.

“अण्णा,” काकू म्हणाल्या, “नीळ्ळु वच्चाय. लई जोरात हाय. कुटलं बटन?”

मैदानावर गलका, माझ्या कानात मॅच, आणि पाच वाजतायत न वाजतायत तोवर नळ. मी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, “काय? पाणी आलं? आलं पाणी? मधलं, काकू, मधलं बटण लावा. मोटर लावा मोटर.”

पुढचं मला अजून हळूहळू चाललेल्या सिनेमासारखं दिसतं. माझ्या डावीकडच्या ताई ताडकन उठल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. मागच्या रांगेतले एक काका चपला शोधायला लागले. “पाणी आलंय म्हणे,” “एवढ्या लवकर?” “आमच्याकडे कुणीच नाही घरी,” असं करत आमचा अख्खा पाठिंबा उभा राहिला आणि स्कूटरींच्या दिशेने निघाला. मैदानावर उजवी बॅक लाल रिबीनवालीला चिकटून पळत होती. तिने आपल्या आईला उठताना बघितलं. त्यांच्या घरची मोटर तीच लावते. ती जागच्या जागी थांबली, वळली आणि हाताने भोंगा करून ओरडली, “आई, मोटरची पिन मी काढून ठेवलीय. कपाटावर बघ, कपाटावर. डब्यामागं.”

तेवढ्यात लाल रिबीनवाली गेली. एकटी. समोर फक्त माझी लेक. लेक बरोबर वेळेला बाहेर आली, अंग टाकलं, पण चेंडू तिच्या काखेखालून गेला आणि जाळीत जाऊन बसला. तो जाळीत गेल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला, कारण त्या क्षणी मी पहिल्यांदाच गप्प होतो.

“वाघूर फुटली,” आत्या म्हणाली. मग काळा चष्मा माझ्याकडे वळला. “तुझ्या तोंडानं.”

शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. आमची टीम पहिल्यांदाच तिकडे पोचली होती. माझी लेक गोल सोडून पळत सुटली, अख्खं मैदान ओलांडून, हातमोज्यांसकट. “अगं, वाघूर उघडी टाकून कुटं चालली ही,” आत्या घाबरी झाली. कॉर्नर आला, ती सगळ्यांच्या वर उडाली, चेंडू तिच्या कपाळाला लागला आणि आडव्या दांड्यावरून पलीकडे गेला. शिट्टी झाली. आमच्या बाजूला टाळ्या वाजवायला आम्ही तिघं आणि एक केळीवाला.

बायको आत्याला घेऊन आपल्या गाडीवरून गेली. लेक माझ्या मागे बसली. चौकातल्या सिग्नलला म्हणाली, “बाबा, मुद्दाम केलंत का?”

मला लगेच ‘नाही’ म्हणता आलं नाही. याचं कारण सांगतो. चेंडू आत गेला तेव्हा, सगळं वाईट वाटायच्या आधी, एका सेकंदापुरतं मला सुटल्यासारखं वाटलं होतं. चला, संपलं. आता क्लास. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण मनात आलं होतं, आणि ते आठवत असतानाच तिने विचारलं. सिग्नल सुटला. मी ‘नाही’ म्हणालो, पण तोवर मागच्यांचे हॉर्न सुरू झाले होते, आणि उशिरा आलेलं ‘नाही’ कसं वाटतं हे मला तिच्या गप्प राहण्यावरून समजलं.

घरी काकूंनी टाकी, पिंप, हंडे आणि माझ्या दाढीचा मगसुद्धा भरून ठेवला होता. लेकीने कोपर धुतले, पट्ट्या लावल्या, युनिफॉर्म बदलला. सव्वासहाला दप्तर घेऊन दारात.

“कुठे?”

“क्लासला.”

“अगं आज नको. सोमवारपासून जा.”

तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. “‘हराल त्या संध्याकाळपासून’ लिहिलंय. अक्षर तुमचंच आहे.”

ती गेली. बायकोने भाजी चिरता चिरता एकदाच माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत मी या बघण्याला खूप घाबरून राहिलोय. आत्या खुर्चीत बसली होती. तिला रडायची मनाई होती, म्हणून ती बोलली.

“माझ्या सासऱ्याच्या टायमाला येकदा वाघरीत लांडगं शिरलं. कुत्रं झोपलं व्हतं. दोन मेंढरं नेली.”

“मग?”

“मग काय. कुत्र्याला शिव्या दिल्या समद्यांनी. कोकराला कोन काय बोललं न्हाय.”

“म्हणजे मी कुत्रं?”

“मी कुटं म्हनलं? तूच म्हनतूस.”

रविवार गेला, सोमवार, मंगळवार गेला. लेक रोज साडेसहाला न सांगता क्लासला जात होती. तक्रार नाही, आदळआपट नाही. मला हवं होतं अगदी तसं, आणि मला ते बघवेना. हातमोजे तिने धुऊन गच्चीच्या दोरीवर लावले होते. वाळले तरी काढले नव्हते. बुधवारी सकाळी तिने क्लासच्या पहिल्या चाचणीचा पेपर दाखवला. चांगले मार्क होते. मी म्हटलं, वा. ती म्हणाली, “हं.” हे ‘हं’ मला दिवसभर कारखान्यात ऐकू येत होतं, ट्रक चालू असूनसुद्धा.

त्या संध्याकाळी ती क्लासहून आल्यावर मी तिच्या समोर बसलो. “तू विचारलंस ना, मुद्दाम का. मुद्दाम नाही केलं. पण गोल झाला तेव्हा मला एक सेकंद बरं वाटलं. हे खरं आहे.”

तिने वहीतून वर बघितलं. “एकच सेकंद?”

“एकच. मग तू कॉर्नरला पळालीस.”

“तेव्हा तुम्ही ‘जा, जा’ ओरडत होता.”

“ऐकू आलं तुला?”

“बाबा,” ती म्हणाली, “समोरच्या गोलकीपरला पण आलं. ती दचकून बाजूला झाली होती. नाहीतर तो कॉर्नर तिनेच पकडला असता.”

मला हसू आलं, तिलाही आलं, पण ती लगेच थांबली. “लेबल तरी तसंच आहे.”

“लेबल मी लिहिलं, मीच काढतो. क्लास सोडायचा नाही. पण संध्याकाळीच खेळायचं असं कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटलो. सकाळी साडेसहाला ते स्वतः व्यायामाला मैदानावर येतात. म्हणाले, गोलकीपरला मी तेव्हा शिकवेन, हिवाळ्यात गावातली दुसरी स्पर्धा आहे, तिच्यासाठी तयार होईल. मी धन्यवाद देऊन उठत होतो तर त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. “पण सकाळी बाकीच्या मुली येत नाहीत. चेंडू मारायला कुणीतरी लागेल. तुम्ही येता का?”

मी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. घरी सांगितलं तर बायको पदराआड हसली आणि आत्याने ऑपरेशन झालेला डोळा पुसला, मनाई असूनही.

तेव्हापासून मी रोज सकाळी जातो. मैदानावर त्या वेळी गार असतं. शिक्षक लांबवर दोरीवरच्या उड्या मारत असतात आणि मधून सूचना देतात. मी बारा पावलांवर चेंडू ठेवतो, चार पावलं मागे जातो, पळत येतो. पहिल्या दिवशी चेंडूआधी माझी चप्पल गोलपोस्टात गेली. आता बूट घेतलेत. लेक हातमोजे घालून गुडघे वाकवून उभी असते आणि माझ्याकडे डोळे न मिटता बघत असते. मी चेंडू मारतो तेव्हा माझ्या मनात एकच असतं, की तो आत जाऊ नये. त्यामुळे तो बरोबर तिच्या हातात जातो. कधी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

“बाबा, नीट मारा ना,” ती ओरडते. “तुम्ही मला देताय. अशाने मी काय शिकणार?”

मी नीटच मारतोय असं तिला सांगतो, आणि चेंडू पुन्हा जागेवर ठेवतो.